बसण्याच्या हाडाखालची जखम

खानापूर तालुक्यातील आमच्या गावी पाऊस एकदा लागला की चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, आणि माझ्या व्हीलचेअरच्या गादीचे कव्हरही वाळत नाही. चालत्या-फिरत्या माणसाला ही गैरसोय वाटेल. पण कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाने ओलसर कव्हरवर दिवस काढणे म्हणजे जखमेला आवतण देणे होय, कारण ओलाव्याने मऊ पडलेली कातडी दाब आणि घसट सोसत नाही.

आंब्यावरून पडून माझा मणका मोडला, त्याला आता आठ वर्षे झाली. रुग्णालयातून घरी सोडताना लघवीच्या नळीविषयी सविस्तर सांगितले गेले, मात्र बसायचे कसे, हे कोणीच शिकवले नाही. दुसऱ्या वर्षी निपाणीला एका लग्नाला गेलो. गादी डिकीत राहिली आणि जाता-येता मी जीपच्या कडक सीटवर बसलो. रात्री डाव्या बाजूला, ज्या हाडावर आपण बसतो त्यावर, रुपयाएवढा लालसर चट्टा आईला दिसला. तिने मायेने खोबरेल तेल लावून तो चोळला. चौथ्या दिवशी तो जांभळा पडला, पुढच्या आठवड्यात फुटला, आणि वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत लिंबाएवढी पोकळ निघाली.

आई आजही स्वतःला दोष देते, म्हणून हे स्पष्ट लिहितो की चट्टा चोळू नये हे खरे असले तरी जखम तेलाने झाली नव्हती. ती जीपमध्येच सुरू झाली होती. हाड आतून दाबते, सीट बाहेरून दाबते, आणि मधल्या मांसातल्या रक्तवाहिन्या चिमटल्या जातात. कातडीपेक्षा मांस लवकर मरते, त्यामुळे अशी जखम पुष्कळदा हाडापाशी सुरू होऊन सर्वांत शेवटी बाहेर दिसते. धडधाकट माणूस बसल्या जागी नकळत सतत कूस बदलत असतो, कारण त्याला कळ लागते. आम्हाला ती लागत नाही, म्हणून कळेचे काम घड्याळाला द्यावे लागते.

माझा मोबाइल दर वीस मिनिटांनी वाजतो. तो वाजला की मी ब्रेक लावून छाती गुडघ्यांवर टेकवतो आणि दोन मिनिटे तसाच राहतो. पूर्वी हातांवर जोर देऊन क्षणभर अंग उचलत असे. परंतु दबलेल्या मांसात रक्त पुरते परतायला तेवढा वेळ पुरत नाही, शिवाय खांदे झिजतात ते वेगळेच. ज्यांचा तोल राहत नाही त्यांच्यासमोर कोणीतरी उभे राहावे, किंवा त्यांनी आळीपाळीने एकेका कुशीवर झुकावे.

हवेच्या गादीतली हवा रोज तपासावी लागते. मी बसलेला असताना आई बसण्याच्या हाडाखाली गादीच्या तळाशी हात घालते. हाड आणि तळ यांच्यामध्ये साधारण इंचभर हवा हवी, हाताला हाड टेकले तर गादी बसली असे समजावे. मध्ये भोक असलेली गोल उशी नातेवाईक आपुलकीने आणून देतात, पण ती वापरू नये. तिची कड भोवतालचे रक्त अडवते.

सकाळी आणि रात्री काठीला बांधलेल्या आरशात मी स्वतः पाहतो. आपल्या सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून काळपट-जांभळी छटा, हाताला लागणारी ऊब आणि कडकपणा यांकडे लक्ष द्यावे. बोटाने दाबूनही डाग फिका पडत नसेल, तर तो जाईपर्यंत त्या भागावर बसू नये.

जखम झालीच तर पहिला इलाज तिच्यावरचा भार काढणे हाच असतो. भार तसाच ठेवून केलेले महागडे ड्रेसिंगही वाया जाते. हळद, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड काहीही घालू नये. सलाइनने धुवावे, आणि उन्हात सुकवण्याऐवजी आत ओलावा राखणारे ड्रेसिंग करावे. काळे, मेलेले मांस मात्र डॉक्टरांनीच काढायचे. माझ्या जखमेवर शेवटी शेजारचे मांस वळवून ती झाकावी लागली. ताप, दुर्गंधी, पू किंवा पायांच्या आचक्यांत एकाएकी वाढ दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ज्यांची इजा छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याहून वर आहे, त्यांना जखमेमुळेही अचानक डोके ठणकून घाम फुटू शकतो; तेव्हा रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो.

आहाराकडे आम्ही फार उशिरा पाहिले. भरून येणाऱ्या जखमेला दर किलो वजनामागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 75 ते 90 ग्रॅम, आणि भात-आमटीच्या ताटात तेवढी नसतात. आईने हुलगे, मोडाची मटकी, अंडी आणि दूध वाढवले. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच तसे करावे. निपाणीकडच्या तंबाखूच्या पट्ट्यातील बांधवांना कळकळीची विनंती आहे की तंबाखू सोडा, कारण तिने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम रेंगाळते.

शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे मी पालथा आणि कुशीवर होतो. पहिल्या दिवशी 15 मिनिटे बसलो, लगेच आडवा होऊन आईने आरसा धरला, डाग नव्हता. मगच हळूहळू वेळ वाढवत गेलो. भरून आलेली कातडी पूर्वीइतकी बळकट होत नाही, म्हणून आजही प्रवासात गादी माझ्या अंगाखाली असते, आणि पावसाळ्यात तीन कव्हरांपैकी एक सदैव चुलीवरच्या दोरीवर वाळत असते.