दाताच्या मुळावर उमटलेला ऋतू

आज दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली, ध्रुवीकृत प्रकाशात, बकरीच्या दाताचा पातळ छेद पाहिला आणि मुळावरील सिमेंटमचे उजळ व गडद पट्टे प्रथमच स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आले. दाताला जबड्याच्या हाडात धरून ठेवणारा हा थर जनावर जिवंत असेपर्यंत वाढत राहतो. चारा मुबलक असताना रुंद पट्टा तयार होतो, तर वाढ मंदावली की अरुंद. त्यामुळे पट्ट्यांच्या जोड्या मोजून वय कळते आणि सर्वांत बाहेरचा, अपुरा राहिलेला पट्टा जनावर कोणत्या ऋतूत मेले ते सांगतो. केवढी ही सूक्ष्म नोंद!

मानववंशशास्त्रज्ञ डॅनियल लीबरमन यांनी १९९०च्या दशकात बकऱ्यांना वेगवेगळा आहार देऊन हे पट्टे कसे बनतात ते तपासले आणि तीच पद्धत लेव्हांटमधील, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रदेशातील, गझेल हरणांच्या दातांना लावली. शेती सुरू होण्यापूर्वीच्या नाटुफियन लोकांच्या वस्त्यांत कोरड्या आणि पावसाळी अशा दोन्ही ऋतूंत मारलेली हरणे सापडली. म्हणजे ही माणसे वर्षाचा बराच काळ एकाच जागी राहत असावीत. पेरणीआधीच माणूस स्थिरावला होता, याचा पुरावा हरणाच्या दातात मिळावा, हे मला फार मोलाचे वाटते.

मात्र जमिनीत पुरलेल्या दातात खनिजांचे पुनर्स्फटिकीकरण होऊन फसवे पट्टे दिसू शकतात. म्हणून मृत्यूची तारीख ठाऊक असलेल्या आजच्या जनावरांचे दात तुलनेसाठी हाताशी हवेत, आणि एकट्या दातावरून वस्तीचा ऋतू ठरवणे मला तरी मान्य नाही.