डब्यातलं पाणी आणि माझे पाच रविवार

सोमवारी दुपारी वाशीच्या ऑफिसात डबा उघडला तर आत नूडल्स नव्हत्या, पाणी होतं. पाण्यात हिरव्या नाड्या तरंगत होत्या. शेजारच्याने वाकून बघितलं आणि विचारलं, "सूप आणलंस का?" त्याने चेष्टा केली नव्हती, खरंच विचारलं होतं. म्हणून जास्त लागलं.

मार्चमध्ये माझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं आणि भात-पोळी कमी करायला सांगितली. मी भाज्यांच्या नूडल्स करायचं ठरवलं. बायको म्हणाली, "तुला भाकरी करून देईन, हे गवत नाही. तुझा डबा तू कर." ठाण्याहून सकाळी पावणेआठची वाशी लोकल पकडणारा माणूस रोज सकाळी भाजी पिळत बसू शकत नाही. म्हणून रविवारी सगळं करून ठेवायचं आणि शुक्रवारपर्यंत खायचं, असा बेत.

भाजीचे नूडल्ससारखे लांब दोरे काढणारं मशीन आणणं, जांभळी नाक्यावरून भाजी आणणं, कापणं यात सांगण्यासारखं काही नाही. हातात धरून पेन्सिलीसारखं फिरवायचं छोटं मशीन मिळतं आणि ओट्याला चिकटणारं, हँडल फिरवायचं मोठं मिळतं. आठवडाभराचं करायचं असेल तर मोठंच घ्या, छोट्याने मनगट जातं. चिकटवण्याआधी ओटा ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर ऐन रंगात मशीन सुटतं. झालं. घोडं पेंड खातं ते पुढे, पाण्यापाशी.

पहिल्या रविवारी मी वाचल्याबरहुकूम वागलो. झुकिनीला, म्हणजे काकडीसारख्या दिसणाऱ्या त्या हिरव्या भाजीला, मीठ लावा, अर्धा तास ठेवा, पिळा, कोरडी करा. केलं. वाटीभर पाणी निघालं, मी खूश. मग त्यावर लिंबू, तेल, मिरपूड घालून डबे भरले आणि फ्रीजमध्ये रचले. त्या सोमवारचा डबा वर सांगितलाच. मीठ अर्ध्या तासाने काम थांबवत नाही, हे कुणीच लिहिलं नव्हतं. पिळल्यावरही अंगाला जे मीठ राहतं ते रात्रभर पाणी ओढत बसतं. त्यात झुकिनीत पंच्याण्णव टक्के पाणीच असतं. इटालियनमध्ये त्या नावाचा अर्थ होतो लहानसा भोपळा. भोपळ्याची जात, पाणी सोडणारच. आपण नाव नूडल्स ठेवलं म्हणून ती गव्हाची होत नाही.

दुसऱ्या रविवारी मीठ बंद. पण कापल्यावर नूडल्स स्वच्छ धुतल्या, कारण मला वाटलं भाजी धुतलीच पाहिजे. चाळणीत निथळल्या, टिश्यू पेपर घातलेल्या डब्यात भरल्या. मंगळवारी त्या टिश्यूचा लगदा होऊन नूडल्सना चिकटला होता. कागद कुठला आणि झुकिनी कुठली, कळेना. निम्मा डबा तसाच परत आणला.

तिसऱ्या रविवारी फ्रीझर. माझा तर्क असा की मटार राहतात तर ही का राहणार नाही. बाहेर काढल्यावर बर्फ वितळला आणि हाताला लागला तो ओल्या लोकरीचा गोळा. पाण्याचा बर्फ होताना भाजीच्या पेशी फाटतात. जिच्यात एवढं पाणी तिचं दुसरं काय होणार? काकडीचंही तेच. ते सगळं सूपमध्ये गेलं, तेवढंच काय ते सूप मी मुद्दाम केलेलं.

चौथ्या रविवारी मी जवळजवळ बरोबर होतो. धुऊन पुसलेल्या भाज्या, मीठ नाही, कोरडा डबा. पण डबा ठेवला फ्रीजच्या वरच्या कप्प्यात अगदी मागे, जिथून गार वारा येतो तिथे. मागच्या निम्म्या नूडल्स गोठल्या, पुढच्या चांगल्या. दुपारी वाशीला पोचेपर्यंत गोठलेल्यांनी चांगल्यांनाही बुडवलं. त्या दिवशी मी खाली जाऊन वडापाव खाल्ला, दोन. एचबीएवनसीची शपथ घेऊन सांगतो, इतका चांगला वडापाव मी कधी खाल्ला नव्हता.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात झुकिनीला नावं ठेवत असताना आई आली. तिने तोपर्यंत या प्रकरणात तोंड घातलं नव्हतं. डबा बघून म्हणाली, "खमंग काकडीला मीठ कधी घालतात रे?"

"पानं घेतल्यावर."

"मग?"

एवढंच बोलली आणि टीव्हीसमोर जाऊन बसली. मी पन्नाशीला आलो, लहानपणापासून चोचवलेली काकडी खातोय, दाण्याचं कूट घालायच्या आधी मीठ घातलं की आजी ओरडायची हेही आठवतंय. आणि चार रविवार मी स्क्रीनवर उत्तर शोधत होतो.

आता जे जमतं ते असं. भाज्या अख्ख्या असतानाच धुवायच्या, पुसायच्या, तासभर पंख्याखाली ठेवायच्या. कापल्यावर पाण्याचा थेंब लावायचा नाही. कापलेल्या नूडल्स जुन्या मलमलच्या पंच्यावर पसरून पंधरा-वीस मिनिटं ठेवायच्या, मग डब्यात तळाशी कोरडं सुती फडकं, वर नूडल्स सैलसर, दाबून नाही, आणि वर परत फडकं. दुसऱ्या दिवशी रात्री फडकी बदलायची. हे बदलणं विसरलात तर बाकी सगळं फुकट. मीठ, लिंबू, दाण्याचं कूट, चटणी, जे काय घालायचं ते वेगळ्या डबीत न्यायचं आणि जेवताना कालवायचं.

पावसाळ्यात डबा फ्रीजबाहेर उघडा ठेवून फोन घेऊ नका. ठाण्याच्या हवेत दोन मिनिटांत गार नूडल्सना घाम फुटतो.

आणि एक, जे मी आधी सांगायला हवं होतं: सगळ्या भाज्या शुक्रवारपर्यंत टिकत नाहीत. काकडी दुसऱ्या दिवशी संपवायची. झुकिनी दोन, फार तर तीन दिवस. गाजर आणि बीट चार-पाच दिवस आरामात जातात, कारण त्यांच्यात पाणी कमी आणि अंग घट्ट. म्हणून माझा आठवडा झुकिनीने सुरू होतो आणि गाजराने संपतो. बीट वेगळ्या डब्यात, नाहीतर सगळा आठवडा गुलाबी. हात लावल्यावर बुळबुळीत लागलं किंवा आंबूस वास आला तर कितीही जीव तुटला तरी फेकायचं.

गाजर फ्रीझरमध्ये जातं, पण आधी उकळत्या पाण्यात मिनिटभर, लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि मग पूर्ण कोरडं करून. गरम असताना झाकण लावलंत तर वाफेचं पाणी आतच पडतं. वापरताना वितळवायचं नाही, थेट तापलेल्या कढईत टाकायचं.

दुधीचा प्रयोगही केला, कारण झुकिनी दुधीपेक्षा चांगलीच महाग पडते. कोवळा, नख सहज रुतेल असा दुधी घ्या, बियांपर्यंत आलात की थांबा. चव छान लागते, पण कापून ठेवला की काळा पडतो, म्हणून दुधी त्याच दिवशी. कापताना एक कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर सगळा दुधी कचऱ्यात, शिजवून ते विष जात नाही. झुकिनी आणि काकडीलाही हेच लागू. लाल भोपळ्याचं मात्र आपल्याकडे जमत नाही, तो मध्ये पोकळ असतो, मशीनवर बसणार कुठे?

गरम खायच्या असतील तर घरीच, मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटं, झाकण न ठेवता. ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये घातल्या की परत सूप. मी आता गारच खातो. फ्रीझरमधली पाण्याची छोटी बाटली डब्याच्या पिशवीत टाकतो, म्हणजे लोकलच्या गर्दीतून गेलं तरी दुपारपर्यंत डबा गार राहतो. बरोबर मोड आलेले मूग किंवा पनीर हवंच. नुसत्या नूडल्सवर चार वाजता पोटात कावळे ओरडतात आणि मग परत खालचा वडापाव दिसायला लागतो.

मशीनमधून शेवटी उरणारे दांडे फेकू नका, कोशिंबिरीत जातात. कोशिंबिरीसाठी मीठ लावून पिळलेलं पाणी आई थालीपिठाच्या पिठात घालते आणि पिठातलं मीठ तेवढं कमी करते. त्या थालीपिठाला बायको गवत म्हणत नाही.

पाचव्या सोमवारी डबा उघडला तर कोरडा. शेजारच्याला मी मुद्दाम बोलावून दाखवला. त्याने एक घास खाल्ला आणि म्हणाला, "याच्यापेक्षा ते सूप बरं होतं." मी त्याला दाण्याच्या कुटाची डबी दिली नव्हती, एवढंच.

पंचा मात्र आईचा होता. तिने परत मागितलाय, बीटचे डाग काढून.