खुर्ची उलटी केल्यावर: आमची वाटचाल

आमच्या कार्यशाळेत जुनी खुर्ची आली की आधी आम्ही ती उलटी करतो. दोन लाकडी घोड्यांवर आडवी टाकायची, तळाचं काळं कापड सोडवायचं आणि टॉर्च घेऊन आत बघायचं. वरची मखमल कितीही देखणी असो, ती शेवटच्या मालकानं निवडलेली असते. खुर्चीचं वय, तिची दुखणी, तिच्यावर कुणाकुणाचा हात फिरला, हे सगळं खालून कळतं. पट्टे तागाचे आहेत की नायलॉनचे, चुका, म्हणजे बारीक खिळे, हातानं घडवलेल्या आहेत की यंत्रावरच्या, चौकटीच्या लाकडाला भोकं किती. ग्राहकाला कापडाचे नमुने बघायची घाई असते. त्याला आम्ही शेजारी बसवतो आणि आधी आतलं दाखवतो. पुढचं सगळं काम त्या पाच-दहा मिनिटांत ठरतं.

आम्ही तिघी आहोत. मी, माझी फ्रेंच भागीदार, आणि शिकाऊ म्हणून आलेली आणि आता कायमची आमचीच झालेली एक मुलगी. जागा पॅरिसच्या पूर्वेला लागून असलेल्या मोंत्रयमध्ये. २०१३ साली सुरुवात केली तेव्हा एक टेबल, चार घोड्या आणि जुनं शिवणयंत्र एवढंच होतं. काम मात्र पहिल्या दिवसापासून हेच: जुन्या फ्रेंच खुर्च्या पुन्हा बसण्याजोग्या करणं, आणि त्या करताना त्यांचं जुनेपण न घालवणं.

माझं माहेर पुण्याचं. भवानी पेठेत बाबांचं कुशनचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे राहतं घर. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायची जागा म्हणजे काथ्याचा ढीग. कॅम्पातल्या पारशी घरांमधून जुन्या खुर्च्या यायच्या, त्यांच्या बैठकीत स्प्रिंगा असायच्या, आणि बाबा त्या सुतळीनं आठ बाजूंनी बांधायचे. तोंडात मूठभर चुका धरून, एकेक जिभेनं पुढे आणत, ते हातोडी चालवायचे. आई ओरडायची, गिळाल एखादी! मग फोम आला. चार माणसांचं काम एक माणूस करू लागला, काथ्या गेला, दाभण खिळ्याला टांगून राहिलं. बाबांनी तक्रार केली नाही, फोमही नीटच बसवला. पण सुतळीचं बंडल त्यांनी शेवटपर्यंत टाकून दिलं नाही.

२००९ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे पॅरिसला आले. भाषा येत नव्हती, दिवस मोठा वाटायचा, म्हणून चालत सुटायची. एकदा फोबूर सँ-आंत्वान या भागातल्या एका अंगणवजा गल्लीत शिरले. सतराव्या शतकापासून हा सुतारांचा, खुर्च्या करणाऱ्यांचा मोहल्ला. १६५७ साली राजानं इथल्या कारागिरांना शहरातल्या कारागीर-संघांच्या नियमांतून मोकळीक दिली, म्हणून देशोदेशीचे हुशार हात इथे गोळा झाले. गल्लीच्या टोकाला काचेमागे एक म्हातारा कारागीर खुर्चीवर वाकला होता. तोंडात चुका. जिभेनं एक पुढे, हातोडीच्या चुंबकी टोकानं ती उचलली, टक्. मी काचेबाहेर उभी राहिले आणि मला रडूच आलं.

त्या गृहस्थांनीच मला सांगितलं की या कामाचं रीतसर सरकारी प्रमाणपत्र असतं. या कारागिराला इथे तापिसिए म्हणतात, आणि खुर्च्यांची शाखा वेगळी, पडद्यांची वेगळी. मी खुर्च्या घेतल्या. वर्गात सगळ्यांत कच्ची फ्रेंच माझी होती, पण सुतळीची गाठ मला कुणी शिकवावी लागली नाही.

नवीन होतं ते घोड्याच्या केसांचं भरण. शेपटीचे आणि आयाळीचे केस दोरासारखे पिळतात, उकळतात, सुकवतात आणि मग तो दोर उलगडतात. केस कायमचे कुरळे होतात, आणि प्रत्येक कुरळा केस म्हणजे एक बारीकशी स्प्रिंगच. अठराव्या शतकातल्या फ्रेंच खुर्चीत धातूची स्प्रिंग नसतेच, ती एकोणिसाव्या शतकात आली. त्या शतकातला राजा पंधरावा लुई, त्याच्या काळातली म्हणून आणलेल्या खुर्चीच्या पोटात स्प्रिंगा दिसल्या, तर एक तर त्या मागाहून कुणीतरी घातल्या आहेत किंवा खुर्चीच मागाहूनची नक्कल आहे. खऱ्या जुन्या बैठकीत तागाचे पट्टे एकमेकांत विणून ताणलेले, त्यावर जाड तरट, तरटावर सुतळीचे सैल फास आणि त्या फासांत खोवलेले केस. बस्स. त्यावर माणसं अडीचशे वर्षं बसत आली.

सगळ्यात अवघड भाग कडेचा. केसांवर विरळ तरट ताणून चुकांनी धरायचं, मग दोन्ही टोकं अणकुचीदार असलेली लांब सुई खालून आत घालायची, आतले केस पकडून ती पुरती बाहेर न काढताच परत फिरवायची, आणि टाका ओढायचा. अशा ओळीवर ओळी. मधेमधे लोखंडी टोच्यानं आतले केस कडेकडे ढकलत राहायचं. हळूहळू मऊ भरणाची कड लाकडासारखी घट्ट होते. माझी पहिली कड सापासारखी वळलेली होती. बाईंनी ती उसवायला लावली. तीनदा! चौथ्यांदा त्यांनी अंगठा दाबून बघितला आणि काही न बोलता पुढच्या टेबलाकडे गेल्या.

या कडेवरूनही काळ ओळखता येतो. पंधराव्या लुईच्या काळातली बैठक घुमटासारखी गोलसर, कड मऊ. तो काळच वळणांचा. पाय वाकलेले, चौकटीवर कोरलेली फुलं, आणि हात पुढच्या पायांच्या बरेच मागून सुरू होतात, कारण बायकांच्या घेरदार पोशाखाला जागा हवी. त्याच्यानंतरच्या सोळाव्या लुईच्या काळात पाय सरळ झाले, खाली निमुळते, अंगावर उभ्या पन्हळी, आणि पाय जिथे चौकटीला मिळतो तिथे लहानसा चौकोन, त्यात कोरलेलं फूल. बैठकीची कडही मग ताठ होत गेली. पाठ सपाट असेल तर ती खुर्ची भिंतीला लावून ठेवायची, आत वळलेली असेल तर ती हलकी, गप्पांना हवी तिथे ओढून घ्यायची. हात उघडे असतील तर फोतय, आणि हाताखालची जागा कापडानं बंद करून वर सुटी गादी असेल तर बर्जेर. मला स्वतःला बर्जेर जास्त आवडते. तिच्यात माणूस बसला की सैलावतो.

ग्राहक शिक्क्याबद्दल फार विचारतात. १७४३च्या नियमांनी पॅरिसच्या उस्ताद सुतारांना आपल्या नावाचा ठसा लाकडावर उमटवणं बंधनकारक केलं, आणि १७९१ मध्ये संघ बरखास्त होईपर्यंत ते चाललं. चौकटीच्या खाली किंवा आतल्या बाजूला जॉर्ज जाकोब किंवा लुई दलानुआ यांचं नाव सापडलं तर किंमत कुठल्या कुठे जाते. पण राजासाठी काम करणाऱ्यांवर आणि सँ-आंत्वानच्या मोकळ्या कारागिरांवर ठशाचं बंधन नव्हतं, त्यामुळे ठसा नाही म्हणून खुर्ची खोटी ठरत नाही. आणि ठसा आहे म्हणून खरी ठरतेच असंही नाही. व्हर्सायच्या राजवाड्यानं अठराव्या शतकातल्या म्हणून विकत घेतलेल्या काही खुर्च्या बनावट असल्याचं प्रकरण २०१६ साली बाहेर आलं, तेव्हा आमच्या धंद्यात सगळेच हादरले. तेव्हापासून आम्ही लेखी अंदाजपत्रकात फक्त जे दिसलं ते लिहितो. लाकूड कुठलं, सांधे कसे, भरण कुठलं. वय किती आणि ती कुणी घडवली हे ठरवणं तज्ज्ञांचं काम.

आता एक चूक सांगते, कारण आमची सगळी पद्धत तिच्यातून घडली. पहिल्याच वर्षी एका घरातून बिचच्या लाकडाच्या, रंगवलेल्या दोन खुर्च्या आल्या. बैठका फाटलेल्या, केसांत धुळीचे गोळे. मी उत्साहानं सगळं उपसलं. पट्टे, तरट, केस, चुका, सगळं पोत्यात भरलं आणि मनपाच्या गाडीत गेलं. खुर्च्या छान झाल्या. न्यायला आलेल्या बाईंबरोबर एक जाणकार होते. त्यांनी खुर्च्यांभोवती फेरी मारली आणि विचारलं, जुनं भरण कुठे आहे? पाठीचं भरण बहुधा मूळचं होतं, एकदाही न उघडलेलं. तसं भरण आता फार थोड्या खुर्च्यांत उरलं आहे. ते रागावले नाहीत. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. अडीचशे वर्षांपूर्वी कुणीतरी शिवलेली ती पाठ मी न बघताच फेकली होती.

त्या दिवसापासून आम्ही काहीच फेकत नाही. प्रत्येक थर काढताना फोटो घेतो, चुकांखाली अडकलेला धाग्याचा तुकडासुद्धा पाकिटात ठेवतो आणि खुर्चीबरोबर परत देतो. भरण चांगलं असेल तर उघडतच नाही, वरून आधार देतो. जुन्या चौकटीवर स्टेपल मारत नाही. बिचला कीड लवकर लागते, आणि शतकभरात पाच-सहा वेळा चुका ठोकल्या गेल्या की चौकटीची कड बिस्किटासारखी भुगा होते. ती आधी सरसानं आणि लाकडाच्या भुशानं भरावी लागते, सुकू द्यावी लागते. आणि अशा चौकटीत आम्ही फोम घालत नाही. याच्यामुळे काही कामं हातची गेली. जाऊ देत.

अशाच एका पाकिटातला तुकडा माझ्या टेबलासमोर लावलेला आहे. एका बर्जेरची हिरवी मखमल काढली, तिच्याखाली पट्ट्यापट्ट्यांचं कापड निघालं आणि त्याच्याही खाली, मागच्या पायाजवळच्या एका चुकेत अडकलेली, बोटाच्या पेराएवढी छापील सुती चिंधी. मंजिष्ठेचा लाल, तपकिरी देठ, अर्धं पान. मालकीणबाईंनी ती मला दिली. फ्रान्समध्ये अशा कापडाला अँदिएन म्हणतात, म्हणजे भारतीय. सतराव्या शतकात भारतातून येणाऱ्या छापील आणि रंगवलेल्या कापडानं इथल्या लोकांना इतकं वेड लावलं की रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांचा धंदा वाचवायला १६८६ मध्ये त्यावर बंदी आली. आणणं, छापणं, दोन्हीवर. तरी लोक चोरून वापरत राहिले. बंदी उठली १७५९ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी ओबेरकाम्फ नावाच्या कारखानदारानं व्हर्सायजवळ जुई गावात आपला कापडछपाईचा कारखाना घातला. आज जगभर ज्याला तोआल द जुई म्हणतात त्या कापडाच्या मुळाशी आपल्याकडच्या रंगाऱ्यांचं कसब आहे. इथे कुणी मला विचारतं, तू भारतीय, मग फ्रेंच खुर्च्या कशा? मी ती चिंधी दाखवते.

पैशाचं खरं सांगायचं तर हा धंदा सोपा नाही. पारंपरिक पद्धतीनं एका फोतयला आम्हाला ३० ते ४० तास लागतात. एकोणिसाव्या शतकातली चांगली नक्कल जुन्या बाजारात २०० युरोच्या आत मिळते, म्हणजे कापड धरलं नाही तरी आमची मजुरी खुर्चीच्या किमतीच्या कितीतरी पट होते. हे आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो. काही जण निघून जातात. जे थांबतात त्यांच्यासाठी ती आजीची खुर्ची असते, किंमत त्यांनी बाजारात काढलेलीच नसते. २०२०च्या टाळेबंदीत दोन महिने शटर बंद होतं, भाडं चालू. शटर उघडल्यावर मात्र लोक खुर्च्या घेऊन आले. घरात बसून बसून त्यांना आपल्या खुर्च्या पहिल्यांदा नीट दिसल्या होत्या.

२०१८ मध्ये बाबा आले होते. तेव्हा ते सत्तरीचे. आमच्याकडे जुनी केस पिंजायची घोडी आहे. खिळ्यांची एक फळी स्थिर, दुसरी तिच्यावर झोपाळ्यासारखी पुढे-मागे जाते, मधे दबून गठ्ठा झालेले केस घालायचे. धुऊन, पिंजून ते पुन्हा पहिल्यासारखे फुलतात, म्हणून एकाच खुर्चीतले केस पिढ्यान्‌पिढ्या वापरता येतात. बाबांनी ते बघितलं आणि म्हणाले, "अगं, हा तर आपला पिंजारीच की!" दिवाळीआधी पिंजण खांद्यावर घेऊन वाड्यात येणारा, गादीतला तोच कापूस पिंजून परत भरणारा. बाबा त्या घोडीवर बसले ते जेवायलासुद्धा उठेनात. माझ्या भागीदारणीला मराठी येत नाही, त्यांना फ्रेंच येत नाही. दुपारभर दोघं समोरासमोर बसून एका बर्जेरच्या बैठकीची कड शिवत होते. तिनं त्यांना दोन टोकांची सुई दिली, त्यांनी तिला आपली सुतळीची गाठ दाखवली. ती गाठ आम्ही आता रोज वापरतो.

काम संपवताना चौकटीच्या आत, पट्ट्यांच्या वर, आम्ही पेन्सिलीनं तारीख आणि केलेलं काम लिहितो. जुने कारागीर लिहायचे म्हणून. त्या बर्जेरच्या आत फ्रेंचच्या खाली बाबांच्या अक्षरात एक ओळ आहे: कड शिवली, भवानी पेठ, पुणे.

तुमच्याकडे जुनी खुर्ची असेल आणि ती कुठेही दुरुस्तीला देणार असाल, तर आतलं भरण आधी काढून टाकू नका. फाटलं असेल तर जुन्या चादरीत बांधा आणि खुर्चीबरोबर द्या. सध्या आमच्याकडे सोळाव्या लुईच्या धर्तीच्या, अंडाकृती पाठीच्या चार खुर्च्या उघड्या पडल्या आहेत. त्यांचे धुतलेले केस खिडकीत जाळीवर सुकत आहेत, आणि ल्योंहून रेशीम यायला अजून सहा आठवडे आहेत.