तुम्ही विचारलंत म्हणून: घरचे चांगले असताना स्त्रीवाद कशासाठी?

"तुम्हाला ना कोणी शिकायला अडवले, ना नोकरीला, यजमानही समजूतदार आहेत, मग तुम्ही स्वतःला स्त्रीवादी का म्हणवता?" हा प्रश्न मला ठाणे-वाशी लोकलमधल्या मैत्रिणी विचारतात, नात्यातली वडीलधारी माणसेही विचारतात. विचारणाऱ्यांच्या मनात आपुलकीच असते, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

ऐरोलीतले घर आम्ही दोघांनी मिळून घेतले. कर्जाचा निम्मा हप्ता माझ्या पगारातून जात असे. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मी सिंकिंग फंडाच्या, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीच्या ठेवीविषयी विचारले, तेव्हा खजिनदारांनी आकडेवारीसह नीट उत्तर दिले, पण ते माझ्या शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहून. पुढे ठराव मताला आला आणि कळले की घर दोघांचे असले तरी मत देण्याचा हक्क भागप्रमाणपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) ज्याचे नाव पहिले असेल त्याचा. नियमात स्त्री किंवा पुरुष असा उल्लेख नाही. तरीही आमच्या मजल्यावरच्या चारही घरांत पहिले नाव पुरुषाचेच आहे. तसे कोणी ठरवले नव्हते. अर्ज भरून घेणाऱ्याने विचारले नाही, आणि मलाही विचारावेसे वाटले नाही.

मला लिंगभेद समजला तो इथे. त्यासाठी कोणी दुष्ट असावे लागत नाही. त्यासाठीचा 'सेक्सिझम' हा इंग्रजी शब्द अमेरिकेत 1960च्या दशकात, वंशवादासाठीच्या 'रेसिझम' या शब्दाच्या धर्तीवर रूढ झाला. परंतु ती गोष्ट बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्येच 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकात मराठीत लिहून ठेवली होती. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर टीकेची झोड उठली, तेव्हा ताराबाईंनी विचारले की जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नसतात काय. पुस्तकाच्या नावातला 'तुलना' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण दोघांना एकच माप लावून पाहिल्याखेरीज लिंगभेद दिसतच नाही.

घरच्यांच्या चांगुलपणाविषयी म्हणाल, तर इथून जवळच, कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्यामागे पती गोपाळरावांचा आग्रह होता. आनंदीबाईंची जिद्द त्याने उणी होत नाही. पण नवऱ्याचा आग्रह उलटा असता तर काय झाले असते? रखमाबाईंच्या वाट्याला तसेच आले. बालपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे त्या जाईनात, तेव्हा 1887 मध्ये मुंबईच्या न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. 1888 मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले आणि त्या पुढे डॉक्टर झाल्या. स्त्रीवादाची वाढ मी या दोघींमधल्या अंतरात पाहते: परवानगी मिळण्यापासून नकार देता येण्यापर्यंत.

ते अंतर अजून पुरते कापून झालेले नाही. मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमतीच होती, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये लावला आणि दोन पोलिसांना सोडले. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी 1979 मध्ये खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे 1983 मध्ये बलात्काराविषयीचा कायदा बदलला.

माझ्या नवऱ्याने मला कधी अडवले नाही, हे खरेच आहे आणि त्याचे मला समाधान आहे. परंतु त्याच्या स्वभावावर माझे मत अवलंबून असू नये, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि ते त्यालाही पटते. गेल्या महिन्यात आम्ही नावांचा क्रम बदलण्याचा अर्ज दोघांच्या सह्यांनिशी सोसायटीच्या कार्यालयात दिला. तिथल्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला आणि काळजीने मला विचारले, "साहेबांची तब्येत बरी आहे ना?"