शीर तुंबली की पडद्यावर काय घडतं

डोळ्याच्या पडद्यावर धमनी आणि शीर एकमेकींना ओलांडतात, तिथे बहुतेक वेळा धमनी वर आणि शीर खाली असते. दोघींचं बाहेरचं आवरण मात्र सामाईक. बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं की धमनीची भिंत जाड, कडक होते आणि त्याच आवरणातली शीर चेपली जाते. मग रक्त भोवऱ्यासारखं फिरतं, आतलं अस्तर दुखावतं आणि गुठळी धरते.

निफाडच्या काळ्या रानात चर बुजला तर पाणी चराच्या तोंडाशी नाही, वरच्या वाफ्यांत साचतं. इथेही तसंच. गुठळीच्या अलीकडची शीर फुगते, नागमोडी होते, आणि तिच्या वाट्याच्या भागात ज्वाळेच्या आकाराचे रक्ताचे डाग पसरतात. कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर तिथल्या चेतातंतूंना रक्त कमी पडतंय असं समजायचं.

मुख्य शिरेला मिळणारी फांदीची शीर सर्वात जास्त वेळा बंद पडते ती पडद्याच्या वरच्या, कानाकडच्या भागात. पडद्यावर चित्र उलटं पडतं, त्यामुळे अंधुक दिसतं ते खालचं. नाशिकच्या रामकुंडावर उतरताना पायरीचा अंदाज चुकतो आणि माणूस चष्म्याचा नंबर बदलायला जातो. दुखत काहीच नाही, दुसरा डोळा निभावून नेतो, म्हणून कळायला उशीर होतो. रोज एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे चौकोन पाहावेत. रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधला चौकोन पुसट झाला, तर तपासणी पुढे ढकलू नये.

नजर उतरते ती मुख्यतः मॅक्युलाला, म्हणजे बारीक पाहणाऱ्या पडद्याच्या मधल्या भागाला, आलेल्या सुजेमुळे. रक्ताचे डाग काही महिन्यांत विरतात, पण सूज राहू शकते. म्हणून ‘पडदा स्वच्छ दिसतोय’ एवढ्यावर समाधान मानू नये. सूज मोजायची ती ओसीटीवर, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनवर, मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि दर वेळी आधीचा कागद शेजारी ठेवून.

रक्त कमी पडलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो. त्यानेच शिरा झिरपतात आणि सूज येते. त्याला अडवणारं इंजेक्शन डोळ्यात देतात, ०.०५ मिली, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागे. आधी घातलेल्या आयोडीनची चुरचुर सुईपेक्षा जास्त जाणवते. पांढऱ्या भागावर लाल डाग उठला तर घाबरण्याचं कारण नाही. पण पुढच्या आठवड्याभरात डोळा ठणकला, लाली वाढत गेली किंवा नजर घसरली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, मग रविवार असो. एका इंजेक्शनने काम भागेल ही अपेक्षा मात्र सोडून द्यावी. औषध उतरलं की सूज परतू शकते, म्हणून सुरुवातीला दर महिन्याची फेरी ठरलेली.

पुढे पडद्यावर नव्या वाटा दिसू लागतात, आणि गफलत होते ती इथेच. काही वाटा जुन्याच केशवाहिन्या रुंदावून झालेल्या असतात. त्या तुंबलेलं रक्त शेजारच्या शिरेत नेतात. ते पडद्याने स्वतःच काढलेले पाट, त्यांना हात लावायचा नाही. दुसऱ्या खरोखर नव्याने फुटलेल्या, नाजूक, जाळीदार वाहिन्या. त्या फुटून डोळ्यात रक्त भरतं. नुसत्या नजरेला दोन्ही सारख्या वाटू शकतात. हाताच्या शिरेतून पिवळा रंग देऊन अँजिओग्राफी केली, म्हणजे पडद्यावरच्या वाहिन्यांचे फोटो काढले, की फरक उघड होतो: पाटातून रंग पाझरत नाही, नव्या वाहिन्यांतून भसाभसा पाझरतो. नव्या वाहिन्या निघाल्या तर लेझर करतात, ते रक्त न पोहोचणाऱ्या भागावर. अँजिओग्राफीनंतर लघवी दिवसभर गडद पिवळी होते, ती त्या रंगामुळे.

मुख्य शीरच ऑप्टिक नर्व्हमध्ये (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) बंद पडली आणि नजर ६/६० च्याही (तक्त्यावरचं सर्वात मोठं अक्षर) खाली गेली, तर काळजी वेगळी. नव्या वाहिन्या थेट बाहुलीच्या कडेवर उगवतात, डोळ्याच्या आतलं पाणी निघण्याची वाट बंद करतात आणि डोळ्याचं प्रेशर चढतं. याला जुने लोक ‘शंभर दिवसांचा काचबिंदू’ म्हणतात. बाहुलीच्या काठावरचे ते लाल धागे केसाहून बारीक असतात आणि थेंब टाकून बाहुली मोठी केली की घडीत दडतात. म्हणून थेंबांच्या आधी स्लिट लॅम्पवर (डोळा तपासायची दुर्बीण) पाहून घ्या असं आवर्जून सांगावं. गर्दीच्या ओपीडीत नेमकं हेच राहून जातं.

बीपी, साखर, डोळ्याचं प्रेशर हे तिन्ही तपासणं आलंच. रक्त पातळ करणारी गोळी मनाने सुरू करू नये, हृदयासाठी चालू असलेली बंदही करू नये.

द्राक्षवाल्यांसाठी एक हिशोब. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास शीर बंद पडली, तर ते शंभर दिवस संपतात काढणीच्या तोंडावर. व्यापारी, मजूर, गाड्या यांत नेमकी तीच फेरी चुकते. तारीख आधीच घेऊन ठेवा.