यादीत दोन बायका दिसतात

एका समितीच्या फॉर्मसाठी प्रकाशित पेपरांची यादी लावून हवी होती. आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या मुलीला म्हटलं, बाई, एवढी नजर टाक, माझा चष्मा आता बारीक टायपापुढे हरतो. तिने स्वल्पविराम दुरुस्त केले, दोन चुकलेली वर्षं पकडली आणि जाता जाता म्हणाली, "मॅम, या यादीत दोन वेगळ्या बायका दिसतात. एक प्रोस्टेटवाली, एक अँटिबॉडीवाली. मध्ये चार वर्षं काहीच नाही. बाळंतपण का?"

बाळंतपण नव्हे. मुलगा त्याआधीच झाला होता, पाचव्या पेपरच्या रिव्हिजनमध्ये. पण तिचं म्हणणं डोक्यात राहिलं. पहिले पाच पेपर प्रोस्टेटचे, शेवटचे सहा अँटिबॉडी औषधांच्या चाचण्यांचे. अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंड, हे ठरावीक रेणूला हेरून धरणारं प्रथिन. बाहेरून बघणाऱ्याला मी मध्येच गाडी बदलली असंच वाटणार.

पीएचडी मुंबईतल्या एका लॅबमध्ये केली. विषय प्रोस्टेट, म्हणून आई नातेवाइकांत नावच घ्यायची नाही. "कॅन्सरचं काहीतरी करते," एवढ्यावर भागवायची. बायकांना नसलेली, मूत्राशयाच्या खाली बसलेली, अक्रोडाएवढी, धड वीस-एक ग्रॅमची ही ग्रंथी. तरुणपणी तिची कुणी दखल घेत नाही आणि साठीनंतर तिच्याशिवाय कट्ट्यावर दुसरा विषय नसतो. अभ्यासाला मात्र महा अवघड. उंदराच्या प्रोस्टेटचे वेगवेगळे खंड असतात, माणसाची एकसंध असते, आणि उंदराला आपणहून तिचा कॅन्सर होतच नाही. कुत्र्याला होतो. १९४१ मध्ये शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी पुरुषी हार्मोन काढून घेतलं की हा कॅन्सर ओसरतो हे दाखवलं, त्याआधी त्यांची बरीच वर्षं कुत्र्यांच्या प्रोस्टेटवर गेली होती. नोबेल मिळालं १९६६ मध्ये. पंचवीस वर्षांनी.

आमच्याकडे कुत्रे नव्हते, एलएनकॅप नावाच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी होत्या. १९७७ मध्ये अमेरिकेत बफेलोच्या रॉसवेल पार्कमध्ये पन्नास वर्षांच्या एका रुग्णाच्या लसिकाग्रंथीतून काढलेल्या पेशी, त्या आजही जगभर वाढवल्या जातात. नखरेल म्हणजे किती! दुप्पट व्हायला अडीच दिवस घेतात. फ्लास्क जरा जोरात ठेवला की तळापासून सुटून गठ्ठे करतात. शनिवारी मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, बदलायला यायचं, इनक्युबेटरचं दार हळू लावायचं, आणि सोमवारी गुलाबी मीडियम पिवळं दिसलं की आठवडा वाया. शेजारच्या फ्लास्कमधल्या पीसी-३ या दुसऱ्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी मात्र रानातल्या गवतासारख्या वाढायच्या. त्यांना हार्मोनशी देणंघेणं नाही, आणि प्रोस्टेटची म्हणून ओळखली जाणारी बरीच प्रथिनं त्यांच्यात नाहीतच. म्हणूनच त्या उत्तम कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा कोरा नमुना.

आता यादीत न दिसणारी गोष्ट सांगते. माझ्या प्रथिनासाठी आम्ही बाहेरून एक अँटिबॉडी मागवली. कस्टममध्ये अकरा दिवस अडकून, बर्फ वितळून, एकदाची आली. ब्लॉटवर, म्हणजे पेशींतली प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीने शोधायच्या पट्टीवर, बँड असा सुरेख की सरांनी प्रिंट काढून फ्रीजवर लावला. अडचण एकच. तो बँड पीसी-३ मध्येही दिसायचा, जिथे ते प्रथिन असायलाच नको होतं. त्यावर आम्ही गटात बसून कारणं शोधली: कमी प्रमाणात असेल, वेगळं रूप असेल. दीड वर्ष मी त्या बँडच्या प्रेमात होते. शेवटी त्या प्रथिनाचा जीन आरएनए वापरून गप्प केला. त्या जीनचा संदेश खाली आला आणि बँड ढिम्म, होता तिथेच. अँटिबॉडी दुसऱ्याच कशाला तरी घट्ट धरून बसली होती. कंपनीने उत्तरादाखल नव्या लॉटची कुपी पाठवली, फुकट. दीड वर्षाचं काय, ते पत्रात नव्हतं. पाचपैकी तिसऱ्या पेपरात या सगळ्याचं "प्रतिपिंडाची विशिष्टता स्वतंत्रपणे पडताळली" असं एक वाक्य झालं.

तेव्हा रडले होते. नंतर वाचत गेले तसं लक्षात आलं की आपण एकट्या नाही. आपल्या मुंबईत, परळच्याच प्रजनन-संशोधन संस्थेत अनिल शेठ यांच्या गटाने वीर्यातून ९४ अमिनो आम्लांचं एक प्रथिन शोधलं, १९८४ मध्ये त्याची रचना छापली, आणि ते मेंदूतल्या ग्रंथीला आवर घालणारं इनहिबिन नावाचं हार्मोन आहे असं मानलं. खरं इनहिबिन पुढे दोन साखळ्यांचं वेगळंच निघालं. पण परळचं प्रथिन अस्सल होतं, प्रोस्टेटमधून भरभरून येणारं. आज त्याला पीएसपी-९४ म्हणतात, आणि २००८ मध्ये कॅन्सरचा धोका वाढवणारी जनुकीय खूण त्याच्याच जीनपाशी सापडली. नाव चुकलं होतं, माल खरा होता. मला त्यात काही लाजिरवाणं वाटत नाही. माझ्या बँडचं उलट होतं, नाव बरोबर आणि माल भलताच.

आणि मग ७ई११. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलामुलीला चहा पाजून सांगते. ज्या रॉसवेल पार्कने एलएनकॅप दिल्या, तिथेच होरोशेविच यांनी त्याच पेशी उंदरांना टोचून एक अँटिबॉडी मिळवली, तीच ७ई११. १९८७ ची गोष्ट. ती ज्याला धरते ते प्रोस्टेट पेशींवरचं प्रथिन म्हणजे पीएसएमए. अँटिबॉडीला किरणोत्सारी इंडियम जोडून शरीरात कॅन्सर कुठे पसरलाय ते बघायचं, अशी कल्पना. १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यताही मिळाली. पण चित्रं अंधूक यायची, हाडातल्या गाठी तर सुटूनच जायच्या. कारण? पीएसएमए हे ७५० अमिनो आम्लांचं प्रथिन पेशीच्या पडद्यात रोवलेलं असतं. बहुतेक सगळं बाहेर, फक्त १९ आत. आणि ही अँटिबॉडी नेमकी त्या आतल्या शेपटाला धरते! जिवंत पेशीत ती शिरणार कशी? मेलेल्या, फाटलेल्या पेशींनाच ती भेटायची. पुढे न्यूयॉर्कमध्ये नील बँडर यांच्या गटाने बाहेरचा भाग धरणारी जे५९१ काढली, तेव्हा जिवंत गाठी दिसू लागल्या.

हे वाचलं त्या आठवड्यात मी फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीवर किती अँटिबॉडी बसली ते मोजणाऱ्या यंत्रावर, बसले होते. एलएनकॅपच्या आलेखाला एक सोडून दोन उंचवटे. दुसरा उंचवटा बघून आम्ही खूश, "जास्त प्रथिन असलेल्या पेशींचा उपगट" असं नावसुद्धा ठरलं होतं. मेलेल्या पेशी रंगवणारा डाय घातला. उपगट म्हणजे मढी. फ्लास्कच्या तळापासून ट्रिप्सिन या एन्झाइमने ओरबाडून काढताना मेलेली. दुसऱ्या दिवसापासून ट्रिप्सिन बंद, पेशी हळुवार सोडवणारं ईडीटीए सुरू, आणि उंचवटा एकच.

यानंतरची ती चार रिकामी वर्षं. मी पुण्याला कंपनीत आले. अँटिबॉडी औषधाची प्रत्येक बॅच बाहेर पडण्याआधी तिची ताकद मोजायची चाचणी बसवायची, हे काम. औषध लक्ष्याला धरतं का, धरून पेशी मारतं का, मारायला बोलावलेल्या पांढऱ्या पेशी येतात का, आणि आज आलेलं उत्तर सहा महिन्यांनी दुसऱ्या माणसाच्या हातूनही येतं का. यावर पेपर निघत नाही. निघतात फायली, आणि त्या कुलपात. माझं सगळ्यात चांगलं काम त्या चार वर्षांतलं आहे आणि ते दाखवायला माझ्याकडे एक ओळ नाही.

तिथे पहिल्याच महिन्यात मला टीजीएन१४१२ या अँटिबॉडी औषधाच्या माणसांवरच्या पहिल्या चाचणीचा अहवाल वाचायला दिला होता. १३ मार्च २००६, लंडनचं नॉर्थविक पार्क. आठ निरोगी तरुण, सहा जणांना औषध, दोघांना नुसतं द्रावण. रोगप्रतिकार करणाऱ्या टी पेशींवरच्या सीडी२८ या प्रथिनाला चेतवणारी अँटिबॉडी. माकडांना जेवढी सोसली त्याच्या पाचशेव्या भागाइतकी मात्रा. तास-दीड तासात सहाही जणांना ताप, डोकं-पाठ दुखणं, पुढे एकेक अवयव बंद पडू लागले. सगळे वाचले, पण एकाची बोटं गेली. माकडांनी दगा दिला तो असा की त्यांच्या ज्या स्मृती-टी पेशींनी वादळ उठवायचं, त्यांच्यावर सीडी२८ नसतोच. उंदराच्या प्रोस्टेटने जो धडा दिला तोच, जास्त महाग. त्याहून मला खाऊन गेली ती नंतरची तपासणी. तीच अँटिबॉडी माणसाच्या रक्तपेशींत द्रवरूपात मिसळली तर सगळं शांत. प्लास्टिकच्या प्लेटवर वाळवून चिकटवली आणि वर पेशी सोडल्या, तर सायटोकाइनचा, म्हणजे दाह पेटवणाऱ्या संदेश-प्रथिनांचा, पूर. एकच रेणू, एकच रक्त. तो कुठे आणि कसा बसलाय, एवढाच फरक. माझे शेवटचे सहा पेपर, जरा मोकळेपणाने सांगायचं तर, या प्लेटभोवतीच फिरतात.

मागच्या महिन्यात बाबांचा पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचा, रिपोर्ट आला. वय ७६, प्रोस्टेट वाढलेली, दोन वर्षं त्यावरची फिनास्टेराइड ही गोळी चालू. आकडा ३.१. बाबा फोनवर विजयी सुरात म्हणाले, "चारच्या आत आहे. तुझं काही काम नाही."

म्हटलं, "बाबा, डॉक्टरांना गोळीचं सांगितलंत?"

"कुठली गोळी?"

"लघवीची. रात्रीची."

"ती लघवीची गं. हा रक्ताचा रिपोर्ट आहे."

मग अर्धा तास समजावलं. पीएसए ही चाचणीसुद्धा दोन अँटिबॉड्यांचीच करामत. एक पीएसएला धरून ठेवते, दुसरी दुसऱ्या बाजूने धरून उजेड पाडते, आणि उजेडावरून आकडा. इथे दोघींनी काम चोख केलं होतं. पण फिनास्टेराइड हार्मोनचा जोर कमी करतं, ग्रंथी आक्रसते, आणि वर्षभरात पीएसए साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे ३.१ हा ६ च्या आसपास वाचायचा. घाबरायचं कारण नाही, नुसत्या वाढीनेही पीएसए चढतो, पण चारच्या आत म्हणून फाइल बंद करायची नाही.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "म्हणजे तू ज्यावर पीएचडी केलीस तेच हे?"

"तेच."

"आणि आता करतेस तेही हेच?"

"तेही."

"मग आईने इतकी वर्षं काय कॅन्सर-कॅन्सर लावलं होतं?"

युरॉलॉजिस्टनी तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासायला सांगितलंय. रविवारी डोंबिवलीला गेले तर कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत, गॅस सिलिंडरच्या नोंदीखाली, बाबांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं होतं: "पीएसए. दुप्पट करून वाचणे."