अकरा नंबरचा माग

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी तपासणी आणि घडीचं काम बघतो. शिवून आलेला टॉवेल पसरायचा, तुटलेली तार म्हणजे धागा आणि तेलाचा डाग शोधायचा, काट्यावर ठेवायचा. मापात असेल तर घडी, नसेल तर बाजूला. पाळीला चारशेच्या आसपास नग. हे काम मला नकोसं झालं होतं आणि त्याला कारण कष्ट नव्हते. टॉवेल हलका का झाला, हे मला कधीच कळत नसे. माझ्यापर्यंत फक्त निकाल यायचा.

एप्रिलमधल्या त्या दिवशी हॉटेलची ऑर्डर चालू होती. ७५ बाय १५० सेंटिमीटर, ४०० जीएसएम (चौरस मीटरला ४०० ग्रॅम), म्हणजे एका टॉवेलचं वजन ४५० ग्रॅम. सूट पाच टक्के, म्हणजे साडेबावीस ग्रॅम खाली-वर. अकरा वाजेपर्यंत ३८ नग बाजूला पडले. बहुतेक ४१९-४२० ग्रॅमचे.

मुकादम म्हणाले, "हवा कोरडी हाय, सूत सुकलंय. सोड की."

हे कारण अगदीच खोटं नसतं. कापसाच्या सुताचं वजन मोजताना साडेआठ टक्के ओलावा धरतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो पाच टक्क्यांवर आला, तर ४५० ग्रॅमचा टॉवेल ४३५-४३६ ग्रॅम भरतो. म्हणून मी एक चांगला टॉवेल काट्याशेजारी उघडा ठेवला आणि तासातासाला तोच पुन्हा मोजला. दुपारी तीनपर्यंत तो जेमतेम सहा ग्रॅमने उतरला. तीस ग्रॅमची तूट एकट्या हवेने येत नाही, एवढं त्यातून नक्की झालं. काट्याचीही शंका नको म्हणून अर्ध्या किलोचं वजनमाप ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता.

मग चिठ्ठ्या पाहिल्या. प्रत्येक गठ्ठ्याला माग नंबर आणि तारखेची चिठ्ठी असते. अडतीसच्या अडतीस नग अकरा नंबरच्या मागाचे निघाले. थप्पीतून त्याच मागाचे आधीच्या पाच दिवसांचे गठ्ठे काढले आणि प्रत्येकातले पाच-पाच नग मोजले. थप्पीत जुना माल खाली असतो, त्यामुळे क्रम उलटा लागू नये म्हणून तारीख बघूनच लिहिलं. सरासरी अशी आली: ४५३, ४५०, ४४६, ४३८, ४२९ आणि त्या दिवशी ४१९. वहीच्या चौकटीच्या पानावर हे सहा ठिपके मांडले. ते नुसते खाली येत नव्हते, दर दिवशी आधीपेक्षा वेगाने खाली येत होते. कारखान्यातली मोजमापं अशी क्रमाने मांडून बिघाड ओळखायची रीत वॉल्टर शूहार्ट यांनी अमेरिकेत १९२४ मध्ये मांडली. शंभर वर्षं झाली तरी आमच्या खात्यात 'पास' आणि 'बाजूला' एवढंच लिहिलं जात होतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. कारण 'बाजूला' या शब्दात तो उतार दिसतच नाही.

वही घेऊन मी मागाकडे गेलो. माग दुरुस्त करणारे जॉबरमामा म्हणाले, "काय बे, घडीखातं सोडून हिकडं कसा?" ठिपके पाहिल्यावर मात्र त्यांनी लगेच पिकग्लास, म्हणजे धागे मोजायची भिंग, काढली. इंचाला ४२ पिकं, म्हणजे आडवे धागे, बरोबर. म्हणजे आडव्या धाग्यात, बाण्यात, चोरी नव्हती. मग त्यांनी हलक्या टॉवेलमधून दहा सेंटिमीटरचा तुकडा कापला, त्यातले दहा पाइलचे, म्हणजे वर लूप उभे करणारे, धागे एकेक करून ओढले आणि न ताणता फुटपट्टीवर सरळ केले. एक धागा ४० सेंटिमीटर भरायला हवा होता, भरला ३६. लूप आखूड झाले होते.

ज्यांनी टेरीचा, म्हणजे लूपवाल्या टॉवेलचा, माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात उभे धागे गुंडाळलेले दोन रूळ, म्हणजे बीम, असतात. पायाच्या कापडाचा, म्हणजे ग्राउंडचा, घट्ट, पाइलचा ढिला. पहिली दोन पिकं कापडाच्या कडेपासून थोडी मागेच ठोकली जातात. तिसऱ्या पिकाला फणी पूर्ण पुढे येते, तिन्ही पिकं ग्राउंडच्या ताठ धाग्यांवरून सरकतात आणि ढिला पाइलचा धागा त्यांच्याबरोबर येऊन लूप उभा राहतो. पाइल ताणात असेल तर तोच धागा मागे ओढला जातो आणि लूप बुटका राहतो.

आता हा ताण कशाने वाढला? बीमच्या टोकाला दोराचा वेढा असतो आणि लिव्हरवर टांगलेलं वजन तो दोर आवळून धरतं. वजन लिव्हरच्या एकाच खाचेत राहिलं तर ब्रेक तेवढाच राहतो, पण बीमचा व्यास कमी होत जातो. २४ इंचांचा बीम ८ इंचांवर आला की धाग्यावरचा ताण तिप्पट होतो. बीम बारीक झाला की तेवढ्याच लांबीच्या धाग्याला व्यासही जास्त भराभर उतरतो. माझे ठिपके शेवटी घसरले ते यामुळेच. बीम उतरेल तसं वजन टेकूकडे सरकवत जायचं असतं. साध्या कापडात ताण वाढला तर तारा तुटतात, माग थांबतो आणि कळतं. टेरीत काहीच थांबत नाही. कापड तसंच दिसतं, फक्त हलकं होतं.

दिवसपाळीचा नेहमीचा विणकर गावी गेला होता. बदली आलेला साध्या कापडावरचा होता, त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. रात्रपाळीचा विणकर समजत होता की वजन दिवसा सरकतं. सहा दिवसांत ते एकदाच सरकलं होतं. मला यात बदली माणसाचा दोष दिसत नाही.

मामांनी वजन दोन खाचा आत घेतलं. वीतभर विणून धागा ओढला तर ४३ सेंटिमीटर, लूप लोळायला लागले. एक खाच मागे घेतल्यावर ४० आला. मग बीमच्या टोकाच्या चकतीवर, म्हणजे फ्लँजवर, दर दोन इंचांना खडूची रेघ मारली आणि तिच्यापुढे खाचेचा नंबर लिहिला. दोराला तेल लागू द्यायचं नाही, नाहीतर तो घसरतो आणि लूप लहान-मोठे होतात, हेही त्यांनी बदली विणकराला तिथेच दाखवलं.

त्या दिवसानंतर काम मला आवडायला लागलं असं म्हणणार नाही. आठ तास उभं राहून पाय दुखतात आणि तंतू नाकात जायचे ते जातातच. पण वही चालू आहे. नावडत्या कामात ती टिकते कशी, हे सांगण्यासारखं आहे. सगळे नग लिहायला गेलं तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडते. मी गठ्ठ्यातले पाचच मोजतो, दहा मिनिटं जातात. आठवड्याला प्रश्न एकच धरतो. आणि आकडा ज्याला वापरता येईल त्याच्याकडे तो त्याच दिवशी पोचवतो. जॉबरने पानाकडे पाहिलंच नसतं तर ती वही मला आणखी एक ओझं झाली असती. पगार वेळेवर मिळत नसेल किंवा रोज शिव्या खाव्या लागत असतील, तर मात्र यातलं काही कामाचं नाही. तिथे दुसरी नोकरीच शोधावी.

अकरा नंबरचं वजन तिसऱ्या दिवशी ४४८ वर आलं. नेहमीचा विणकर परत आल्यावर बदली माणूस सात नंबरवर गेला. तिथल्या फ्लँजवर त्याने स्वतःच रेघा मारल्या, आणि त्याच्या गठ्ठ्यांच्या चिठ्ठीवर आता माग नंबराखाली खाचेचा आकडाही लिहिलेला असतो.